युनानचा लाल चहा आणलाय पण तुरट होतोय, नक्की कसा करायचा?

ऋतुगंध, ठाणे

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. माझा धाकटा भाऊ चाकणला मशीनचे पार्ट बनवतो, तो ऑक्टोबरात कँटन फेअरसाठी ग्वांगझौला गेला होता आणि मला चहाचं वेड आहे म्हणून येताना तिथल्या चहाच्या बाजारातून तीन पाकिटं घेऊन आला. तिन्ही अख्ख्या पानांची. एक युनानचा दिएनहोंग, काळ्या पानांमध्ये सोनेरी लव असलेल्या कळ्या आहेत आणि पाकीट उघडलं की गुळाच्या ढेपेजवळ नाक नेल्यासारखा वास येतो. दुसरा छीमन, जो आपल्याकडे कीमून नावाने मिळतो, एकदम बारीक वळलेली काळीभोर पानं. तिसऱ्याला धुराचा वास आहे, आई म्हणाली गावी चुलीवर दोरीला वाळत घातलेल्या कपड्यांना यायचा तसा.

आता प्रॉब्लेम असा की पहिल्या दिवशी मी दिएनहोंग आपल्या नेहमीच्या पद्धतीनेच केला, म्हणजे दोन कप पाण्याला दोन चमचे भरून, उकळी आली की गॅस बारीक करून चार मिनिटं, मग गाळला, दूध नाही. रंग काय सुंदर आला होता, पण घोट घेतला आणि हिरड्या आखडल्या, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं तोंड कोरडं. दुसऱ्या दिवशी दूध साखर घालून पाहिला तर तो गुळाचा वास कुठेच नाही आणि आपल्या चहाचा कडकपणाही नाही, नुसतं तपकिरी दूध. भाऊ म्हणतो दुकानात त्याला प्यायला दिला तेव्हा साखर नसतानाही गोड लागत होता आणि त्याच पानांवर त्या बाई सात आठ वेळा पाणी ओतत होत्या. इतक्या लांबून आणलेली चीज आहे, वाया घालवायची नाहीये. किती पानं, किती पाणी, किती वेळ, आणि वेगळी भांडी लागतात का? कुणी नियमित पित असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

दोनघोट, पुणे

ताई, चहा चांगला असणार, पाकिटाचा वास जो लिहिलायत त्यावरूनच कळतंय. फक्त उकळू नका, कधीच नाही.

का ते सांगतो. आपला रोजचा चहा म्हणजे सीटीसी, पान यंत्रात चिरडून फाडून त्याच्या गोळ्या केलेल्या असतात, आसामात १९३० च्या सुमारास ही पद्धत निघाली, आणि ती दुधासाठी एकदम बरोबर आहे कारण गोळीतला सगळा तुरटपणा पटकन पाण्यात उतरतो आणि दुधातलं प्रोटीन त्याला धरून ठेवतं, म्हणून आपण पाच मिनिटं उकळूनही तोंड आखडत नाही. तुमच्याकडचं पान अख्खं आहे. ते हळूहळू सोडतं, आधी वास आणि गोडी, तुरटपणा मागून. चार मिनिटं खळाखळा उकळलं की सगळं एकदम बाहेर येतं आणि वास वाफेबरोबर स्वयंपाकघरात जातो, कपात राहतो तो तुरटपणा.

भांडी काही विकत आणू नका. तिकडे गायवान म्हणून झाकणाचा छोटा वाडगा वापरतात, साधारण १०० मिलीचा, पण आपली चिनी मातीची कपबशी तेच काम करते. कपात पानं टाका, पाणी ओता, बशी उपडी झाका, वेळ झाली की गाळणीतून दुसऱ्या भांड्यात पूर्ण निथळून घ्या. पूर्ण म्हणजे शेवटच्या थेंबापर्यंत, पाणी मागे राहिलं तर पानं त्यात भिजत पडतात आणि पुढचा घोट कडू. स्टीलचा पेला नको, हाताला चटका बसतो.

प्रमाण वजनावर घ्या, चमच्यावर जाऊ नका, कारण ही पानं फुगीर असतात, एका चमच्यात कधी एक ग्रॅम बसतं कधी दोन. केकसाठी काटा असतो ना घरात, तोच. दिएनहोंग ५ ग्रॅम, पाणी १०० मिली, उकळी आल्यावर गॅस बंद करून झाकण उघडं ठेवून दीड दोन मिनिटं थांबा म्हणजे ९० च्या आसपास येतं. पहिलं पाणी दहा सेकंद. हो, सेकंद. दुसरंही दहा, तिसरं पंधरा, मग वीस, तीस, असं वाढवत न्या, पुढे पुढे मिनिटभर. सहा सात वेळा आरामात निघतो. एवढी खटपट नको असेल तर मोठ्या मगात अडीच ग्रॅमला २५० मिली आणि तीन मिनिटं, गाळून प्या, तेही छान लागतं, फक्त मग पानं दुसऱ्यांदा फारशी देत नाहीत.

आणि पहिले तीन दिवस साखर दूध काहीच नको. नंतर ठरवा.

पर्लनदीकाठ, ग्वांगझौ

तुमचा भाऊ ज्या बाजारात गेला असेल तो फांगत्सुन, चीनमधला चहाचा सगळ्यात मोठा घाऊक बाजार समजला जातो, मी नऊ वर्षं इथे राहतेय आणि अजून त्याच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घातलेल्या नाहीत. कुठल्याही दुकानात गेलं की आधी बसा म्हणतात, पाणी उकळायला ठेवतात, आणि विकत घ्या न घ्या पाच सहा पाण्यांपर्यंत गप्पा चालतात. मी चहा चाखायला शिकले ती तिथेच, त्यामुळे दोन शब्द लिहिते.

आधी नाव. आपण ज्याला ब्लॅक टी म्हणतो त्याला इथे होंगछा म्हणतात, लाल चहा, कपातल्या रंगावरून. इथे कुणाला काळा चहा द्या म्हणालात तर हेइछा काढून देतात, तो वेगळाच, ढीग लावून मुरवलेला. भावाला पुढच्या वेळी सांगून ठेवा.

तुमची तिन्ही पाकिटं तीन वेगळ्या प्रांतांची आहेत, एकाच मापाने मोजू नका. दिएनहोंग युनानचा, तिथली झुडपं मोठ्या पानाची, आपल्या आसामकडची जात तीच, म्हणून त्याला अंग आहे, घट्टपणा आहे. हा चहा तसा नवा. १९३८-३९ मध्ये जपानशी युद्ध चालू होतं, पूर्वेकडचे चहाचे प्रांत हातातून जात होते आणि परकीय चलन तर हवंच होतं, तेव्हा फंग शाओच्यू नावाच्या चहातज्ज्ञाला युनानला पाठवलं, त्यांनी शुन्निंगला, ज्याला आता फंगछिंग म्हणतात, मोठ्या पानाचा लाल चहा करून पाहिला आणि तो हाँगकाँगमार्गे बाहेर गेला. छीमन आन्हुई प्रांतातला, तिथे आधी हिरवा चहा व्हायचा, १८७५ च्या सुमारास लाल चहा करायला लागले. पान लहान, नाजूक, त्याला ५ ग्रॅम टाकू नका, १०० मिलीला चार पुरे, आणि चार पाच पाण्यांत संपतो. धुराचा म्हणजे लॅपसांग सूचाँग, मूळ फुजिएनमधल्या वूयी डोंगरातला, तोंगमू गावाचा, पाइनच्या लाकडाच्या धगीवर सुकवतात. त्याच गावात २००५ मध्ये नुसत्या कळ्यांचा जिन जुन मेई निघाला आणि त्याच्या नावावर इतका माल विकला जातो की तेवढा एका गावातून निघणं शक्य नाही, म्हणून स्वस्तातला सोनेरी कळ्यांचा चहा त्या नावाने कुणी दिला तर घेऊ नका.

चाखायचं कसं. सुरुवातीला मलाही वाटायचं की पुस्तकातले वास आपल्याला आलेच पाहिजेत, ऑर्किड, कोको, माल्ट, आणि ते येत नाहीत म्हणजे आपलं नाक कच्चं. तसं नसतं हो. इथली माणसं पण त्यांच्या घरातल्या वस्तूंचीच नावं घेतात. दिएनहोंगला ते भाजलेलं रताळं म्हणतात, आणि मला तर ते पहिल्या दिवशीच आलं कारण महाशिवरात्रीची उकडलेली रताळी आणि चुलीच्या राखेत भाजलेली यातला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. तुम्हाला गुळाची ढेप आली ना, तेच लिहून ठेवा, तेच बरोबर. लॅपसांगला ते सुक्या लाँगन फळाचं सार म्हणतात, मी काळ्या मनुका म्हणते.

आणि एक शब्द, हुई गान. म्हणजे घोट गिळल्यावर थोड्या वेळाने घशातून परत वर येणारी गोडी. हे समजावून सांगायला इतरांना किती वेळ लागतो, आपल्याला एका ओळीत कळतं, आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की जे होतं ते. दिएनहोंगमध्ये ते शोधा. कोरडा वास, मग गरम केलेल्या रिकाम्या कपात पानं टाकून झाकून दहा सेकंदांनी वास, मग ओल्या पानांचा वास, मग घोट, आणि घोट घेताना भुरका मारायचा, जोरात, हवा आत गेली पाहिजे, बशीतून चहा पिणाऱ्या आपल्या आजोबांना हे जमतच होतं. शेवटी पिऊन झालेल्या कपाच्या तळाचा वास घ्या. तो भाग बरेच जण सोडून देतात आणि गोडी सगळ्यात जास्त तिथेच असते.

सायंकाळ७, नाशिक

इथेच विचारते, वेगळा धागा काढत नाही. मी एका साईटवर वाचलं की व्यावसायिक चहा चाखणारे उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवतात, मग आपण दहा सेकंद का?

पर्लनदीकाठ, ग्वांगझौ

सायंकाळ७, हो, ते बरोबर वाचलंय. इथल्या परीक्षणाच्या पद्धतीत लाल चहाला ३ ग्रॅम, १५० मिली उकळतं पाणी, ५ मिनिटं असंच आहे, आणि आंतरराष्ट्रीय आयएसओच्या पद्धतीत १०० मिलीला २ ग्रॅम आणि ६ मिनिटं. पण ते दोष शोधण्यासाठी. सगळ्या चहांना सारखंच ताणून बघायचं, करपलाय का, आंबलाय का, धूर लागलाय का ते लपू नये म्हणून. लग्नाची साडी उन्हात नेऊन उलटी करून बघतो तसं. नेसताना कुणी उलटी नेसत नाही ना. दहा सेकंदांच्या पद्धतीला गोंगफू म्हणतात, ती पिण्यासाठी. पाकीट नवीन आणलं की मी एकदा पाच मिनिटं ठेवून बघतेच, म्हणजे चहाच्या मनात काय आहे ते कळतं.

बोअरवेल, लातूर

सगळ्यांनी पानांबद्दल लिहिलं, पाण्याबद्दल कुणीच नाही. मी दोन वर्षं चांगला चहा वाईट पाण्यात करून पित होतो म्हणून कळकळीने सांगतोय. आमच्याकडे बोअरचं पाणी, इतकं जड की गिझरच्या कॉईलवर पांढरा थर बसतो. त्यात कुठलाही लाल चहा केला की रंग लाल न येता मळकट काळपट यायचा, वर तेलकट पापुद्रा, जो कपाच्या कडेला चिकटतो आणि घासल्याशिवाय निघत नाही, आणि वास जवळपास शून्य. मी पानं वाढवत गेलो, वेळ वाढवत गेलो, उपयोग नाही. तो पापुद्रा म्हणजे पाण्यातला कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं मिळून झालेला थर असतो, आणि क्षार जास्त असले की चहाचा रंग गडद होतो. उलटं बघायचं तर त्याच कपात लिंबाचे दोन थेंब पिळा, रंग डोळ्यांसमोर फिका होतो, आंबटपणाने तीच रंगद्रव्यं बदलतात.

मग नुसतं आरओचं पाणी वापरलं तर दुसरं टोक, चव सपाट, घोट तोंडात धरला तर काहीच उभं राहत नाही. शेवटी तीन भाग आरओ आणि एक भाग बोअर असं मिसळून करतो आणि तिथे चहा उघडला. तुमच्या ठाण्याला धरणाचं पाणी येत असेल तर ते मुळातच हलकं असतं, नुसतं गाळून घ्या, आरओची गरजच नाही. क्लोरिनचा वास असेल तर रात्री उघड्या भांड्यात भरून ठेवा. आणि केटलमध्ये कालचं उकळलेलं पाणी परत उकळू नका, ताजं घ्या, मला तरी फरक कळतो.

चिंचपान, बेळगाव

मी दूधवाली, माझ्या बाजूने पण कुणीतरी बोलायला हवं. लॅपसांगमध्ये दूध चालतं, मला तर आवडतं, चुलीवरच्या चहाची आठवण येते. छीमनमध्ये पण थोडं चालतं, इंग्लिश ब्रेकफास्ट नावाच्या मिश्रणात पूर्वी छीमन असायचा तो काय उगीच नाही. पण सोनेरी कळ्यांच्या दिएनहोंगमध्ये नको, तो पुरणात मिरची घालण्यातला प्रकार आहे.

ऋतुगंध, ठाणे

मंडळी, तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. आज रविवार होता, सकाळी सगळे झोपलेले असताना निवांत करून बघितला, तो सगळा वृत्तांत लिहिते.

पिंपाचं साधं पाणी गाळून घेतलं. आईच्या रुखवतातल्या निळ्या फुलांच्या कपबश्या आहेत, मापून बघितलं तर कडेच्या खाली बोटभर सोडून बरोबर १०० मिली बसतं. काट्यावर पाच ग्रॅम पानं घेतली तर ती कपाच्या जवळपास निम्म्यापर्यंत आली, माझे पहिल्या दिवशीचे दोन चमचे म्हणजे नक्की किती होते देव जाणे. कप गरम पाण्याने विसळून पानं टाकली, बशी झाकली, मनात दहा मोजले, बशी जरा तिरकी करून वास घेतला. रताळं. खरंच रताळं, आणि ते सालीला जिथे करपून चिकट पाक सुटतो ना त्या जागेचं. मी तशीच उभी राहिले ओट्यापाशी.

पहिलं पाणी गाळलं तेव्हा रंग फिका होता, नारिंगी, मला वाटलं जमलं नाही. पण घोट घेतला आणि हिरड्यांना काहीच झालं नाही, जीभ मऊ राहिली, पातळ मधाच्या पाण्यासारखं. दुसरं पाणी गडद लाल, यात गूळ आला आणि मागून थोडीशी मिरी, जिभेच्या टोकाला. तिसऱ्याला मी चुकून तीस सेकंद ठेवला कारण दूधवाला आला, तर लगेच कडेने तुरटपणा जाणवला, म्हणजे पंधरा सेकंदांचा फरकसुद्धा कळतो. चौथं पाणी सगळ्यात चांगलं. ते प्यायल्यावर मी खिडकीत जाऊन बसले आणि साधारण मिनिटाभराने घशात ती आवळ्यानंतरची गोडी आली, पर्लनदीकाठ ताई, मी मुद्दाम शोधत नव्हते, ती आपोआप आली. सहाव्या पाण्यापर्यंत पानं पूर्ण उघडली होती, एक बाहेर काढून बशीत पसरलं तर दोन पानं आणि मधे कळी अशी अख्खी डहाळी, तांब्याच्या रंगाची, कुठेही फाटलेली नाही. आई उठली तर तिला सातवं दिलं, ती म्हणाली चहा नाहीये हा पण दे अजून.

छीमन दुपारी केला, चार ग्रॅम. त्यात मला गुलाबाची सुकी पाकळी आली, देवघरात निर्माल्याच्या परडीत वाळते तशी, आणि थोडं कोको. दिएनहोंगपेक्षा हलका आहे, पण दुसऱ्या घोटानंतर आवडायला लागला. लॅपसांग उद्या, चिंचपान म्हणतेय तसा अर्धा दुधाचा.

दोन शंका राहिल्या. छीमनचा अर्धा कप तसाच राहिला होता, गार झाल्यावर गढूळ झाला, वर काही तरंगत नव्हतं, सगळाच मातकट. खराब झाला का? आणि पाकिटं कुठे ठेवू, पावसाळ्यात आमच्याकडे मीठसुद्धा पाझरतं.

दोनघोट, पुणे

वा ताई, वाचून सकाळ झाली परत. दूधवाल्याने तिसऱ्या पाण्यात जे शिकवलं ते लिहून सांगता येत नाही.

गढूळ झालेला चहा अजिबात खराब नाही. कॅफीन आणि चहातली तुरट द्रव्यं गार झाली की एकमेकांना धरतात आणि पाण्यातून सुटतात, म्हणून मातकट दिसतं. परत गरम करा, निवळतो. भरलेल्या चहातच हे होतं, फिक्यात नाही, उलट चांगली खूण समजा. बोअरवेल दादांचा पापुद्रा वेगळा, तो वर तरंगतो आणि गरम करून जात नाही.

ठेवण्याचं मात्र आजच करा. पाकिटाला चाप लावून पुरत नाही. तिन्ही वेगवेगळ्या घट्ट डब्यांत, शक्यतो स्टीलच्या किंवा पत्र्याच्या, आधी कोरड्या फडक्याने पुसून उन्हात वास घालवून घ्या. एका डब्यात तिन्ही पाकिटं नकोत, आठ दिवसांत तिन्ही लॅपसांग होतील. फ्रीजमध्ये नको, बाहेर काढल्यावर दव धरतं. आणि मसाल्याच्या कपाटात तर मुळीच नको, चहाचं पान वास ओढून घेतं. माझ्याकडचा एक चांगला छीमन मी गोडा मसाल्याच्या बरणीशेजारी ठेवला होता, महिन्याभराने उघडला तर आधी दगडफूल आणि हिंग, मग चहा. कपड्यांच्या कपाटात ठेवा, डांबरगोळ्या नसलेल्या. पावसाळ्याच्या आधी छीमन आणि दिएनहोंग जमेल तेवढा पिऊन टाका, लॅपसांग टिकतो, धुराची धारही मागे पडून खालचा गोडवा वर येतो.

पर्लनदीकाठ, ग्वांगझौ

आणि ताई, पिऊन झालेली दिएनहोंगची पानं टाकू नका. सातव्या पाण्यानंतर सगळी एका तांब्यात टाकून माठातलं गार पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी गाळून प्या. तुरटपणा उरलेला नसतो, फक्त गोडी येते. आईंना तो चहा वाटणार नाहीच, पण मागतील.